दोरीवरची पाटी

देवाला गाऱ्हाणं अकरा वाजता घालायचं ठरलं, कारण दीपेशची लघवीची पिशवी दहाला रिकामी व्हायची आणि पुढची वेळ दोनची होती. सहा आठवड्यांत घराचं घड्याळ या चार तासांवर आलं होतं.

जानकी साडेनऊलाच चुलतभावाच्या, दीपेशच्या, घरी पोचली. खळ्याच्या टोकाला, काजूच्या झाडाखाली मूळपुरुषाचा दगड होता. त्याच्यासमोर भाई उकिडवे बसून, कालच सारवलेल्या जमिनीवरचा पाचोळा एकेक करून उचलत होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या, दोन्ही घरांत तेच थोरले, म्हणून गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. मुलगी आली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"नारळ आणलंस?"

"आणलंय."

"शेंडी आसा मा? गेल्या खेपेक बाबलीन बोडको नारळ आणल्यान. देवाक वाटला आसतला, ह्यांच्या घरात कोण गेला."

बाबली विहिरीवर हातपाय धूत होता. जानकीचा मावसभाऊ, बारा वर्षं तिच्या होडीवर दोरी धरणारा. "देवाक पण वायच बदल व्हयो, भाई," तो म्हणाला. "रोज तोच नारळ, तोच शिरा, तीच आमची तोंडा."

भाई हसले नाहीत. पाचोळा मुठीत धरून ते उठले, गुडघ्यावर हात टेकून थोडे थांबले.

"आता दोघांनीय आयका. मागून कोणी आडवातिडवा बोलूचा नाय. पोरगो तिसऱ्या खेपेक आपल्या मनान खाली गेलो. जानकी तेव्हा केबिनीत जेवत होती. बाबली नांगराकडे होतो. ह्या मी देवासमोर सांगतलंय. उद्या वेंगुर्ल्याक चौकशीचो सायब विचारीत, तेव्हा ह्याच सांगूचा. देवासमोर बोललेला मगे फिरवूचा नसता."

"मी जेवत नव्हतंय, भाई."

"होतंस."

जानकीने खांद्यावरची पिशवी काढली आणि आतून पाटी बाहेर घेतली. वहीच्या पानाएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची, कोपऱ्याला दोरीने शिसपेन्सिल बांधलेली. मोठ्या कंपन्यांच्या पाणबुड्यांच्या टोपात फोन असतो. जानकीने चौदा वर्षांपूर्वी होड्यांचे पंखे साफ करायला सुरुवात केली तेव्हा तिच्याकडे मागून आणलेला, पाण्याखाली लावायचा एक चष्मा होता आणि दोरी होती. दोरीला तीन हिसके बसले की बाबलीने पाटी वर ओढायची, वरच्याने उत्तर लिहायचं, पाटी पुन्हा खाली. पेन्सिलीचं लिहिलेलं पाण्याने पुसलं जात नाही. ते काम संपल्यावर राखेने घासून काढावं लागतं, आणि ते काम पहिल्या दिवसापासून दीपेशचं होतं.

सहा आठवडे ही पाटी कोणी घासली नव्हती.

"वाचा," जानकी म्हणाली.

"चष्मो नाय माझ्याकडे."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. बाबलीने तो पाहिला, जानकीनेही पाहिला. भाई मूठभर पाचोळा घेऊन गोठ्याच्या बाजूला निघून गेले.

"ताय," बाबली हळू म्हणाला, "ती पाटी तू समुद्रात टाकलंस, असा मी समजत होतंय."

"तुका दीपेशान सांगलेला मा? दुसऱ्या खेपेनंतर?"

बाबलीने टॉवेलने कान पुसले. मग पुन्हा तोच कान पुसला.

"खांदो दुखता म्हणालो. मी म्हटलंय, तायेक सांग. तो म्हणालो, आता भरती लागतली, तायेचो जीव वर-खाली होता हा, सोड. सोडलंय."

जानकीने हे सहा आठवड्यांत चार वेळा ऐकलं होतं. दर वेळी ती एखादा नवा तुकडा सापडतो का ते बघत असे, आणि दर वेळी वाक्यं तीच असत.

रेडीच्या बाहेर, चोवीस मीटर पाण्यात, एका बार्जच्या नांगराची साखळी अडकली होती. कडीची पिन काढून ती सोडवायची होती. दीपेश दोनदा खाली गेला. पाणबुड्यांच्या तक्त्याप्रमाणे तिसऱ्या खेपेआधी दोन तास दहा मिनिटं वर थांबायला हवं होतं. जानकीने पन्नास मिनिटं दिली. केबिनच्या दारावर तिने स्वतः तेलरंगाने नियम लिहिले होते. पहिला, कोणीही, कधीही काम थांबवू शकतो. दुसरा, प्रश्न आकड्याचा विचारायचा. हवा किती उरली, किती मिनिटं झाली, दुखणं दहापैकी किती. हो किंवा नाही म्हणून सुटता येईल असं विचारायचं नाही. त्या दिवशी भरतीकडे बघत, पाठमोरी, तिने विचारलं होतं, "बरो आसस मा रे?"

"होय, ताय."

खाली गेल्यावर खांद्याचं दुखणं थांबलं. पाण्याचा दाब वाढला की रक्तातले नायट्रोजनचे बुडबुडे आकसतात. दीपेशला वाटलं, आपण उगाच घाबरलो. वर येताना तेच बुडबुडे फुगले आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं.

नियम लिहिताना तिने सगळं धरलं होतं, प्रवाह, गढूळपणा, थंडी. ज्याने काम थांबवायचं तो आपल्याला ताय म्हणतो, हे धरलं नव्हतं.

*

दीपेशच्या आईने, सत्यवतीने, पीठ तिंबून ठेवलं होतं आणि काळ्या वाटाण्यांना उकळी आली होती. जानकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली तेव्हा तिने मान वर न करताच ओळखलं. या घरात आजकाल दारात थांबून राहणारी तीच एक होती. बाकीचे सरळ आत येत.

"काकी, माका बोलूचा आसा."

"बोल. पण हात चालवत बोल. ते वडे थाप."

जानकीने हात धुतले आणि केळीच्या पानावर वडा थापला. तिला ते कधीच नीट जमलं नव्हतं. एक कड जाड, एक पातळ.

"हो वडो आसा काय होडीचो पंखो?" सत्यवती म्हणाली, आणि तो तसाच तेलात सोडला.

जानकीने पाटी चुलीजवळच्या फळीवर ठेवली. सत्यवती चौथीपर्यंत शिकली होती. अक्षरं तिला एकेक करून लावावी लागत, पण वरची ओळ कोणाची हे अक्षर लावण्याआधीच कळलं. 'झ'ला दीपेश लहानपणापासून शेपूट जास्त काढायचा.

"वेळ झालो," तिने वाचलं. "वर येव?"

खाली दुसऱ्या हाताने, दाबून लिहिलेलं होतं.

"पाच मिनिटां. पिन काढून ये."

तेलातला वडा एका बाजूने काळा होईपर्यंत दोघींपैकी कोणी झारा उचलला नाही.

"पाच नाय, अकरा लागली तेका," जानकी म्हणाली. "पिन काढल्याशिवाय तो वर येवचो नाय, ता माका म्हायत होता. तरी लिवलंय. उद्या मी ही पाटी सायबाच्या टेबलार ठेवतलंय. परवानो जावंदे. दीपेशचा नाव खराब करून माका तो नको."

सत्यवतीने जळका वडा काढून बाजूला ठेवला. तिला राग यायला हवा होता. गेले सहा आठवडे ती त्या रागाची वाट बघत होती, हॉस्पिटलच्या बाकावर, गोव्याहून परतताना गाडीत, मुलाचे पाय कुशीवर वळवताना. तो आला नाही. जे आलं ते जुनं होतं, तेवीस वर्षांपूर्वीचं, आणि त्याचे शब्दही तिला पाठ होते.

"तुझो काका जाळा सोडवूक खाली गेलो," ती म्हणाली. "खडपात अडाकलेला. भाई होडयेचे तांडेल. भाईंनी म्हटल्यानी, गणपत, जा. वारो उठलेलो, तुझ्या काकाक जावचा नव्हता. बाबलीचो बापूस होडीर होतो. तेना माका सांगल्यान."

जानकीचे हात पिठात थांबले.

"तेराव्याक ह्याच दगडासमोर भाईंनी सांगलानी, गणपत आपल्या मनान गेलो. आणि मी म्हटलंय, व्हय म्हाराजा."

"कित्याक म्हटलंस, काकी?"

"सहा वर्सांचो झील मांडयेर बसलेलो. तेका काय सांगू? तुझो बापूस सांगकाम्यो होतो म्हणान?" तिने नवा गोळा घेतला आणि तो स्वतःच थापला, एकसारखा गोल. "दीपेश आजून लोकांका सांगता, माझ्या बाबान जाळ्यासाठी जीव दिल्यान. कोणी पाठवल्यान नाय, आपणच उडी मारल्यान. त्यावर तो पाण्यात गेलो, जानके. तुझ्या शिकवण्यार नाय गेलो."

"मगे आता तरी कोणीतरी खरा सांगूक नको?"

"सांग ना. माझ्या झिलाचे पाय परत येणार आसती तर आत्ता सांग." सत्यवतीने पाटी उचलली, पदराने तिच्यावरचं पीठ पुसलं आणि जानकीच्या हातात दिली. "आणि तेका विचार आधी. आमका कोणी विचारूक नाय."

*

दीपेशशी लग्न होऊन संचिताला या घरात तीन वर्षं झाली होती. माहेर नांदगावचं, आत डोंगराकडचं. समुद्र तिने लग्नाआधी दोनदाच पाहिला होता. दर दोन तासांनी ती दीपेशला कुशीवर वळवायची, पाठीला कुठे लाली आली का बघायची आणि वहीत वेळ लिहायची. बाकीच्यांना ती वही म्हणजे काळजी वाटे. तिला ती फक्त वही वाटे. तिच्यात निदान खरी वेळ लिहिलेली असे.

ओटीवरच्या खाटेशी बसून आता ती दुसराच कागद वाचत होती. मालवणच्या एका कॉलेजात मंगळवारी जानकीचं भाषण होतं. अपघाताच्या आधीच कबूल केलेलं, विषय 'स्वतंत्र व्यवसायाने मला काय शिकवलं'. ताईंची शाळा दहावीत सुटलेली. त्यांनी कालच कागद दिला होता, शुद्धलेखन बघ म्हणून.

"वाच ना मोठ्यान," दीपेश म्हणाला. तो उशीला टेकून बसला होता. दंड अजून पाणबुड्याचेच होते.

"'एक. आपल्या हाताखालचा माणूस गप्प आहे म्हणजे त्याला पटलं आहे, असं समजू नका,'" संचिताने वाचलं. "'दोन. प्रश्न असा विचारा, की समोरच्याला नुसतं हो म्हणून सुटता येणार नाही. तीन. वाईट बातमी आणणाऱ्याचे आभार माना, म्हणजे पुढची बातमी लवकर येते.'"

"बरा लिवल्यान."

"तू ताईंका सांगलंस, खांदो दुखता म्हणान?"

दीपेशने चादरीची सुरकुती सरळ केली. चादरीखालचा पाय तिच्याबरोबर हलला नाही.

"बाबलीक सांगलंय."

"ताईंका?"

"तिना विचारल्यान, बरो आसस मा. मी होय म्हटलंय."

"दुखत होता आणि होय म्हटलंस?"

"तू नाय म्हणतस? भाई विचारतत, जेवलंस मा गो, तेव्हा उपाशी आसलंस तरी होय म्हणतस."

ते खरं होतं. या घरात लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यात संचिता हेच शिकली होती.

जानकी ओटीच्या पायरीशी आली तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं आणि त्याच हातात पाटी. संचिताने ती पहिल्यांदाच पाहिली. दोन्ही ओळी तिने उलट्या बाजूने, डोकं वाकडं करून वाचल्या. तिला वाचायला तीन-चार सेकंद लागले असतील. मग ती खाटेचा गज धरून उभी राहिली.

"तेना विचारलेला," ती म्हणाली. "ताई, तेना तुमका विचारलेला, वर येव म्हणान."

"होय."

"आणि तुम्ही केबिनीत जेवत होतात."

"नाय. मी दोरीकडे होतंय. ह्या मीच लिवलंय." जानकी दीपेशकडे वळली. "दीपेश, मी उद्या सगळा सांगतलंय. तू हॉस्पिटलात भाईंका जा सांगलंस, ता माका वाचवूक सांगलंस. बस झाला आता."

"तुका वाचवूक नाय सांगलंय," दीपेश म्हणाला.

तो हे चिडून बोलला असता तर बरं झालं असतं, असं संचिताला वाटलं. तो रोजच्या आवाजात बोलत होता, वाऱ्याचा अंदाज सांगावा तसा.

"ताय, चार दिवस मी त्या गोव्याच्या हॉस्पिटलातल्या, हवेच्या दाबाच्या मशिनीत पडान होतंय. वर लोखंडाचा झाकण. करूक काय नाय, म्हणान इचार करी. माझे पाय कशाक गेले? एका लोखंडाच्या पिनेक, आणि तू लिवलंस म्हणान. ह्या गावाक कळला, तर जो येतलो तो खाटेकडे बसान माझी कीव करतलो. सांगलेला आयकल्यान बिचाऱ्यान. माझ्या बाबाक कोणी बिचारो म्हणत नाय."

जानकीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सत्यवती तिथे झारा हातात घेऊन उभी होती. ती जानकीकडे ज्या नजरेने बघत होती ती संचिताला समजली नाही.

"मी आपल्या मनान गेलंय म्हटला," दीपेश म्हणाला, "तर गेलो तो मी होतंय. नायतर मी आणि ती पाटी, दोगाय तुझ्या दोरीर."

"पण ता खोटा आसा," संचिता म्हणाली.

"आसांदे. माझा आसा."

"आणि मी? मी कोणाबरोबर ऱ्हवतलंय, खऱ्याबरोबर काय तुझ्याबरोबर?"

खळ्यातून भाईंनी हाक दिली, अकरा झाले, सगळ्यांनी या.

*

खाट चौघांनी उचलून खळ्यात आणली. बाबलीने पायांकडची बाजू धरली आणि तिकडे न बघता चालला. भाईंनी पाच पानं मांडली, वडे आणि वाटाण्यांची उसळ वाढली, नारळ दगडासमोर उभा केला. मग डोक्याला टोपी घालून हात जोडले. त्यांचा आवाज बोलताना म्हातारा होता, गाऱ्हाण्यात नव्हता.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे एकवटली आसत, म्हाराजा. जी हय आसत ती, जी मुंबैक आसत ती, सगळ्यांच्या वतीन सांगणा करतंय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

जानकी लहानपणापासून हे म्हणत आली होती. पहिल्या दोन वेळा तोंड आपोआप उघडलं. आज तिने पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं, की सांगणाऱ्याचं वाक्य संपण्याच्या थोडं आधीच सगळे व्हय म्हणतात. काय सांगितलं हे कळायच्या आत. होडीवरच्या माणसांना तिने चौदा वर्षं नाही म्हणायला शिकवलं होतं. या खळ्यात ती त्याच्या कितीतरी आधीपासून व्हय शिकत होती.

"ह्या घरचो पोरगो, वयान तरणो. समुद्राचो मोह पडलो आणि तिसऱ्या खेपेक आपल्या मनान खोल गेलो, म्हाराजा."

भाई थांबले. नेहमीपेक्षा अर्धा श्वास जास्त. त्यांची मान दगडाकडेच होती. जानकीला वाटलं, हेच वाक्य, याच जागी, त्यांनी पूर्वी एकदा म्हटलं आहे, आणि तेव्हाही ते असेच थांबले असतील.

पहिला आवाज सत्यवतीचा आला, स्पष्ट. मग बाबलीचा. मग खाटेवरून दीपेशचा, सगळ्यांत मोठा.

संचिताचे ओठ बंद होते. जानकीने ते पाहिलं. आत्ता आपण गप्प राहिलो, तर एका बाजूला दोघी होतील. भाईंचं वाक्य मोडायला दोघी पुरेशा होत्या. तिने दीपेशकडे पाहिलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, वर येण्याची परवानगी मागणारा माणूस बघेल तसा.

"व्हय म्हाराजा," जानकी म्हणाली.

पुढचं गाऱ्हाणं तिला ऐकू आलं नाही. नारळ फुटला, पाणी दगडावरून ओघळलं, भाईंनी द्रोणातला अंगारा एकेकाच्या कपाळाला लावला. दीपेशला लावून उरलेला द्रोण त्यांनी त्याच्याच हातात दिला आणि पाय धुवायला विहिरीकडे गेले. जाताना कपाळावरचा चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला.

संचिता जानकीजवळ आली. भाषणाचा कागद घडी घालून तिच्या पुढे धरला.

"बघितला मी," ती म्हणाली. "एकव चूक नाय."

ती आत गेली. थोड्या वेळाने आतून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"ताय, पाटी दी," दीपेश म्हणाला.

जानकीने दिली. त्याने ती मांडीवर ठेवली, जिथे तिचं वजन त्याला जाणवत नव्हतं. द्रोणातला अंगारा पाटीवर पालथा केला, नारळाच्या वाटीतलं पाणी बोटाने शिंपडलं आणि अंगठ्याने गोल गोल घासायला लागला. कोपऱ्यापासून सुरुवात, मग कडा, मग मधलं. होडीवर रोज संध्याकाळी तो असाच बसायचा, पाय पाण्यावर सोडून. आधी त्याची ओळ गेली, शेपटाचा झ सगळ्यांत शेवटी. मग खालची. राख काळी झाली आणि त्याच्या मनगटापर्यंत ओघळ आला. बाबली रिकामी पानं गोळा करत होता. तो वाकलेला होता तसाच राहिला.

दीपेशने चादरीच्या कडेने पाटी पुसली आणि जानकीसमोर धरली.

"गेला मा सगळा?"

पेन्सिल गेली होती. पण खालची ओळ दाबून लिहिलेली होती, आणि प्लास्टिकवर तिची खाच उरली होती. पाटी जरा कलती झाली की काजूच्या पानांमधून येणाऱ्या उन्हात 'पाच' वाचता येत होतं.

तिने पाटी त्याच्या हातातून घेतली आणि सरळ धरली.

"होय," ती म्हणाली.